नाट्यपदाची चाल कोणाची म्हणावी?

सप्तकप्रेमी (प्रश्न)
आमच्या संगीत मंडळाच्या नाट्यपदांच्या कार्यक्रमाचे निवेदन मी लिहीत आहे. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’मधील ‘नाथ हा माझा’ आणि ‘मम आत्मा गमला’ या पदांपूर्वी ‘संगीत भास्करबुवा बखले यांचे’ असे मी लिहिले, तेव्हा मंडळातील एका ज्येष्ठ गायकांनी आक्षेप घेतला. या नाटकाच्या बऱ्याच चाली बुवांनी जुन्या बंदिशींवरून (रागात बांधलेल्या पारंपरिक गीतरचनांवरून) घेतल्या असल्याने, त्यांना संगीतकार म्हटल्यास मूळ रचनाकारांवर अन्याय होतो, असे त्यांचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

संहितावाचक
जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती पाहिल्या तर पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून, ज्या गाण्यावरून ते पद बेतले त्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले आढळतात. उसनवारी लपवण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. किर्लोस्करांनी तर कीर्तनातली साकी-दिंडी, लावणी आणि कानडी गाणी उघडपणे घेतली. माझ्या मते बुवांचे स्वतःचे काम निवडीत आहे. बंदिशीत शब्द मोजके असतात आणि विस्ताराला मोकळीक असते. तीच चाल रुक्मिणीच्या मुखी, एका ठरावीक प्रसंगी, मराठी शब्दांसह शोभेल की नाही हे ओळखायला मैफल आणि रंगमंच या दोहोंची जाण लागते. (‘स्वयंवर’चे नाटककार खाडिलकर यांच्या शब्दांची चालीत बसताना ओढाताण होते, हे मात्र मान्य करावे लागेल; बालगंधर्वांच्या गळ्याने ती पुष्कळ सावरली.)

मध्यलय
वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. ख्यालाच्या अनेक बंदिशींत रचनाकाराची मुद्रा, म्हणजे त्याचे टोपणनाव, शब्दांतच गुंफलेली असते, आणि म्हणून अठराव्या शतकातील नियामत खाँ आजही ‘सदारंग’ या नावाने प्रत्येक गायकाच्या तोंडून उच्चारले जातात. चाल ठेवून शब्द मराठी केले की नेमकी ती मुद्राच गळून पडते. ‘चाल’ या ओळीत गाणे सापडते, पण ते ज्यांच्याकडून मिळाले ती व्यक्ती सापडत नाही. ठुमरी, दादरा, कजरी हे प्रकार ज्या गायिकांनी जोपासले त्यांच्या बाबतीत ही उणीव मला फार खटकते. १९१९ च्या ‘एकच प्याला’तील चालींसाठी सुंदराबाई जाधव यांचे नाव निदान जाणकार घेतात, इतर कित्येक जणींच्या वाट्याला तेही आले नाही. आपल्या निवेदनात सुंदराबाईंचे नाव अवश्य यावे.

संहितावाचक
मुद्रेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता; तो मी स्वीकारतो. शब्दयोजनेबाबत एक सूचना करतो. जुन्या नाटकमंडळींत ‘चाली देणे’ असा प्रयोग रूढ होता आणि तो येथे अचूक बसतो. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’साठी जितेंद्र अभिषेकींनी केलेल्या कामाला संगीत दिग्दर्शन म्हणावे, बुवांविषयी ‘चाली दिल्या’ असे लिहावे.

सप्तकप्रेमी
आपणा दोघांचा आभारी आहे. ‘चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या’ असा बदल केला आहे. ज्या पदांच्या मूळ बंदिशी आक्षेप घेणाऱ्या गायकांना येतात, त्यांचे मुखडे (सुरुवातीच्या ओळी) पदापूर्वी त्यांनीच गाऊन दाखवावेत, अशी विनंती मी केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे.