एम्सचा हुकूम, १८७६: युक्रेनी लेखन नेमकं किती बंद झालं?

बोरूबहाद्दर: रशियाच्या झारने १८७६मध्ये जर्मनीतल्या एम्स गावातून काढलेल्या हुकुमाने रशियन साम्राज्यात युक्रेनी भाषेवर 'संपूर्ण बंदी' आली असं जिकडेतिकडे वाचतो. मग त्यानंतरही कथा-कादंबऱ्या आणि नाटकं कशी निघाली? १८६३चं वालुएव परिपत्रक आणि हा हुकूम एकच का?

जुनी_दप्तरं: दोन्ही वेगळी. गृहमंत्री वालुएवने धार्मिक आणि शिकवण्याची पुस्तकं अडवली, ललित साहित्य सोडलं. पोलिश उठाव पेटलेला, त्यातच बायबलच्या नव्या कराराचं युक्रेनी भाषांतर मंजुरीला आलेलं. विद्वानांनी आपसात कविता वाचायला हरकत नव्हती. भाषा शेतकऱ्याच्या हाती जायला नको होती.

एम्सने पुढची दारं लावली: बाहेरून पुस्तकं आणायला खास परवानगी, भाषांतरं बंद, नाट्यप्रयोग बंद. स्वतंत्र ललित लेखन चालेल, पण रशियन लेखनपद्धतीत आणि सेन्सॉरकडून तपासून. नाटकांना १८८१मध्ये सवलत मिळाली, म्हणून ती तुम्हाला दिसतात.

खिळेजुळारी: लेखनपद्धतीची अट किरकोळ समजू नका, खरी मेख तिथेच आहे. युक्रेनी लेखक कुलिशने उच्चाराला धरून लिहिताना रशियन 'येरी' (ы) अक्षर गाळलं होतं. ते परत घालून छापलं की तोच मजकूर रशियनच्या एखाद्या गावंढळ बोलीसारखा दिसतो. या लेखनाला चेष्टेने 'यारिझ्का' म्हणत. जुन्या आवृत्तीचं लेखन बघून लेखकाची भूमिका ठरवू नका. बऱ्याचदा ती सेन्सॉरची अट असते.

गालिसियाकर: रशियात जे छापता येत नसे ते ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ल्विव्ह शहरात छापलं जाई. तिथली शेवचेंको सोसायटी ही साहित्यसंस्था १८७३ची, म्हणजे हुकुमाआधीची. तिच्या छापखान्याला रशियाच्या ताब्यातल्या पोल्टाव्हाकडच्या मिलोरादोविच बाईंची देणगी होती. तिसरी वाट जिनिव्हाची: कीव्ह विद्यापीठातून काढलेला विचारवंत द्राहोमानोव्ह तिथून 'ह्रोमादा' हे नियतकालिक काढी. युक्रेनी लेखक पानास मिर्नीची कादंबरी १८८०मध्ये तिथेच छापली.

पण ल्विव्हची भाषा कीव्हच्या लोकांना खटके. शब्द वेगळे, पोलिश छाप जास्त. 'शुद्ध युक्रेनी कुणाची' यावर १८९०च्या दशकात दोन्हीकडचे चांगलेच भांडले.

बोरूबहाद्दर: म्हणजे बंदीमुळेच हे लोक राष्ट्रवादी झाले?

जुनी_दप्तरं: सगळे नाही. इतिहासकार कोस्तोमारोव्ह १८६१मध्ये दोन वेगळ्या रुस लोकांबद्दल, म्हणजे रशियन आणि युक्रेनींबद्दल, लिहीत होता. १८८१मध्ये तो 'घरगुती वापरापुरती भाषा' इथवर मागे आला. द्राहोमानोव्हला ते मान्य नव्हतं, पण त्यालाही रशियापासून तोडून निघायचं नव्हतं, संघराज्य हवं होतं. पुढे इतिहासकार ह्रुशेव्स्की १८९४मध्ये कीव्हहून ल्विव्हला प्राध्यापक म्हणून आला, तेव्हा ऑस्ट्रियानेही पदाच्या नावात 'युक्रेन' शब्द येऊ दिला नाही. कागदावर विषय होता जागतिक इतिहास, पूर्व युरोपवर विशेष भर देऊन.