प्रति: डायलिसिसच्या दिवशी फिटचं औषध कधी द्यायचं?

डायलिसिसच्या दिवशी मुलाला फिटचं औषध सकाळीच पाजलं तर काय बिघडतं, असं वर विचारलंय. ते औषधावर अवलंबून आहे हो. लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध रक्तातल्या प्रथिनांना जेमतेम चिकटतं, म्हणून ४ तासांच्या हिमोडायलिसिसमध्ये (मशीनने रक्त गाळताना) त्यातलं जवळपास ५० टक्के धुऊन जातं. फेनिटॉइन हे फिटचं दुसरं औषध सुमारे ९० टक्के चिकटलेलं असतं, ते फिल्टरमधून फारसं निसटत नाही.

आमचा भाचा ९ वर्षांचा. देवरुखहून पहाटेच्या एसटीने रत्नागिरी गाठायची, म्हणून ताई निघतानाच लेव्हेटिरासिटामचं सिरप पाजायची. परतताना हातखंब्याच्या आसपास डोळे फिरवले पोराने! ताईच्या हातात पेजेचा डबा तसाच. दोष मशीनचा नव्हता, औषधच उरलं नव्हतं. आता डॉक्टरांनी डायलिसिस संपल्यावर वजनाप्रमाणे जादा डोस लिहून दिलाय. ताई तो सुई काढल्यावर तिथेच पाजते आणि वेळ कालनिर्णयावर टिपते.

आयसीयूत २४ तास चालणाऱ्या डायलिसिसच्या फिल्टरचं गणित निराळं. तिथे औषध संथपणे पण सतत जात राहतं, त्यामुळे डोस वेगळा बसवावा लागतो. तुमच्या मुलाला सिरप कोणतं चालू आहे?