प्रति: गार्ड-ड्रायव्हर मोबाईलवर बोलतात का?

मोबाईलवर नाही ओ दादा, वॉकीटॉकी असतो दोघांकडं, आणि स्टेशन मास्तरकडं पण. तरी गाडी सुटताना गार्ड (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण आपल्या तोंडी गार्डच) हिरवा झेंडा दाखवतोच, रात्री हिरवा दिवा.

मला भारी वाटती ती फाटकाची पद्धत. बऱ्याच फाटकांवर मास्तर फोन करतो, गेटमन फाटक लावतो आणि 'प्रायव्हेट नंबर' (त्याच्याकडच्या यादीतला गुप्त आकडा) सांगतो, तो दोघांच्याही वहीत लिहायचा, म्हंजे नुसतं "हो लावलंय" चालत नाही, नंतर कोण नाकबूल पण होऊ शकत नाही. कोल्हापूर-मिरज पट्ट्यात फाटकावर अडकून हॉर्न बडवणाऱ्यांनी हे वाचा जरा.