दाबाखालील जालक-कंपने: अभिजात गणित कुठपर्यंत पुरते?

अणुरेणू:
घनपदार्थावर दाब वाढवला की अणू जवळ येतात, बंध ताठर होतात आणि जालकाच्या, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीच्या, कंपनांची वारंवारिता वाढते. एवढ्यावरून ‘उच्च दाबाखालचे प्रत्येक गणित क्वांटम पद्धतीनेच केले पाहिजे’ असा आग्रह धरला जातो, तो मला मान्य नाही. वारंवारिता एकटी काहीच ठरवत नाही. कंपनाचा एक क्वांटम, म्हणजे त्याच्या ऊर्जेचा सर्वांत लहान हप्ता, आणि उष्णतेची ऊर्जा यांचे गुणोत्तर पाहावे लागते; ते लहान असेल तर अभिजात, म्हणजे न्यूटनच्या नियमांचे, गणित पुरते. उष्णता बाहेर जाऊ न देता पदार्थ दाबला, तर त्याचे तापमानही चढते. घनातील कंपनांच्या डिबायच्या प्रतिमानात एन्ट्रॉपी केवळ डिबाय तापमान (सर्वांत जलद कंपनाचा क्वांटम, तापमानात मांडलेला) आणि प्रत्यक्ष तापमान यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते; अशा सावकाश दाबण्यात एन्ट्रॉपी कायम राहते, म्हणून ते गुणोत्तरही बदलतच नाही. पृथ्वीच्या प्रावरणात खाली जाताना बव्हंशी हेच घडते: तळाशी दाब सुमारे १३६ गिगापास्कल, पण तापमानही काही हजार केल्विन. तिथे न्यूटनच्या नियमांवर चालणारे मॉलेक्युलर डायनॅमिक्स (अणूंच्या हालचालींचे संगणकीय गणित) पुरेसे आहे. मुक्त ऊर्जेतली (कोणती संरचना टिकेल हे जिच्यावरून ठरते तिच्यातली) पहिली क्वांटम दुरुस्ती, उष्णतेच्या ऊर्जेच्या पटीत, गुणोत्तराच्या वर्गाचा चोविसावा भाग असते, गुणोत्तर ०.५ असले तरी ती जेमतेम एक टक्का भरते.

मृण्मयी:
तुमचे गणित बरोबर आहे, पण प्रयोगशाळेत पदार्थ तसा दाबला जात नाही. हिऱ्यांच्या ऐरणीत, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना दाबणाऱ्या उपकरणात, दाब हळूहळू चढवतात, उष्णता निघून जाते आणि तापमान ३०० केल्विनलाच राहते; म्हणजे वारंवारिता वाढते तसतसे गुणोत्तरही वाढतच जाते. खुद्द हिरा दाबाशिवायही या तापमानाला अभिजात नाही. ड्युलाँ आणि पेटी यांच्या १८१९ च्या नियमानुसार त्याची उष्माधारकता मोलमागे सुमारे २५ ज्यूल प्रति केल्विन हवी, ती भरते ६ च्या आसपास, आणि हे कोडे सुटायला १९०७ साली आइनस्टाइन यावे लागले.

माझा मुख्य आक्षेप मात्र वस्तुमानाचा आहे. अभिजात सांख्यिकीत संवेगाचा भाग वेगळा पडतो आणि दोन अवस्थांची तुलना करताना कटून जातो, त्यामुळे समतोलातील अवस्थांतराचा दाब अणूच्या वस्तुमानावर अवलंबून राहूच शकत नाही. प्रत्यक्षात साध्या पाण्याच्या बर्फात सुमारे ६० गिगापास्कलला हायड्रोजन दोन ऑक्सिजनच्या बरोबर मध्ये स्थिरावतो. जड पाण्याच्या (हायड्रोजनऐवजी त्याचे जड रूप ड्युटेरियम असलेल्या) बर्फाला त्यासाठी आणखी सुमारे १० गिगापास्कल लागतात. रासायनिक बंध तेच, बदलले ते फक्त वस्तुमान. हा फरक तुमच्या पद्धतीत उमटणारच नाही, मग संगणक कितीही मोठा असो.

अणुरेणू:
हायड्रोजनचा अपवाद मला मान्य आहे. पण दाब क्वांटम परिणाम वाढवतोच असे नाही, हे हेलियमवरून दिसते. साध्या दाबाला तो शून्य केल्विनजवळही गोठत नाही, सुमारे २५ वातावरणदाब दिल्यावर गोठतो. आणि पुढे दाबत गेले की अणूंमधील अंतराच्या तुलनेत त्याचे शून्यबिंदू हेलकावे, म्हणजे शून्य केल्विनलाही न थांबणारी क्वांटम हालचाल, लहान होत जातात.

रेवाकाठ:
अणुरेणू, येथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. अंतराच्या तुलनेत हेलकावे घटतात हे खरे, पण त्याच वेळी अणूमागची शून्यबिंदू ऊर्जा वाढते, आणि कोणती संरचना टिकेल या हिशेबात ही ऊर्जा धरावीच लागते. हायड्रोजन सल्फाइडचे उदाहरण घ्या, ज्यात २०१५ साली २०३ केल्विनला अतिवाहकता (विजेला शून्य रोध) आढळली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार त्याची सममित संरचना (हायड्रोजन दोन गंधकांच्या बरोबर मध्ये असलेली) अणुकेंद्रे अभिजात मानली तर १७५ गिगापास्कलच्या आसपास स्थिर होते, क्वांटम मानली तर १०३ लाच. अतिवाहकतेचे मोजमाप सुमारे १५० गिगापास्कलला झालेले असल्यामुळे अभिजात गणित येथे चुकीची संरचनाच हाती देते.

खर्चाची अडचण मात्र खरी आहे. अणुकेंद्रांचे क्वांटम वर्तन धरणाऱ्या पाथ-इंटिग्रल पद्धतीत प्रत्येक अणूच्या जागी त्याच्या प्रतिकृतींची साखळी ठेवावी लागते, साध्या तापमानाला हायड्रोजनसाठी कित्येकदा तीसेक, आणि गणनेचा वेळ तितक्याच पटींनी वाढतो. म्हणून प्रावरणातल्या खनिजांसाठी अभिजात पद्धत वापरायला माझीही हरकत नाही.

मृण्मयी:
प्रावरणापुरते मीही मानते. पण ‘आत तापमान हजारो केल्विन, म्हणून अभिजात’ हा न्याय युरेनस आणि नेपच्यूनच्या अंतर्भागाला लावू नये. पाण्याच्या रेणूतील ओ–एच ताणकंपनाचा (ऑक्सिजन–हायड्रोजन बंध लांब-आखूड होण्याच्या कंपनाचा) एक क्वांटम तापमानात सांगायचा तर सुमारे ५,००० केल्विन होतो. म्हणजे तिथेही गुणोत्तर १ च्या घरात राहते आणि अणुरेणू यांच्याच सूत्राने दुरुस्ती चार टक्क्यांवर जाते. दोन संरचनांच्या मुक्त ऊर्जेतला फरक पुष्कळदा त्याहून कमी असतो.