'ब्रेकिंग बॅड': सगळा राग स्कायलरवरच का?

रात्रपाळी: 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेत ड्रग्ज बनवतो वॉल्टर, माणसं मारतो वॉल्टर, आणि प्रेक्षकांच्या शिव्या त्याच्या बायकोला, स्कायलरला. असं का?

पटकथावेडी: कॅमेरा कुणाजवळ आहे ते बघा. वॉल्टरचा कॅन्सर, त्याचे बेत आपल्याला पहिल्या भागापासून ठाऊक. तिच्या वाट्याला मात्र जवळजवळ दोन सीझन नुसत्या थापा. त्यामुळे तिचा रास्त प्रश्नही कथेतला अडथळा वाटतो. एखादा प्रसंग निवडा, त्या क्षणी तिला काय माहीत आहे तेवढंच कागदावर लिहा आणि मग तो पुन्हा पाहा. बॉस टेडशी तिचं प्रकरण घडायच्या आधीच तिने घटस्फोटाचे कागद पुढे केले होते, हे लोक सोयीने विसरतात.

बोरूबहाद्दर: राग पात्रापुरता राहिला असता तरी चाललं असतं. शेवटी स्कायलर साकारणाऱ्या ॲना गनलाच २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहावा लागला. त्याच वर्षी याच भूमिकेसाठी तिला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला!

रात्रपाळी: पण तिने टेडला परस्पर दिलेले वॉल्टरचे सहा लाखांहून जास्त डॉलर?

पटकथावेडी: ते धराच की. फक्त त्याच खात्यात, साथीदाराची प्रेयसी जेन गुदमरत असताना वॉल्टर नुसता बघत उभा होता, तेही मांडा. 'माझ्या नवऱ्याची बायको'त वेगळं काय होतं? संसार मोडला गुरुनाथने, बोल शनायाला.