कोरसमधून नृत्यदिग्दर्शनाकडे: अ‍ॅन राइनकिंग आणि काही तांत्रिक शंका

दुसरी_विंग:

मंडळी, ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, संगीतिकांची जाण असणाऱ्यांसाठी हा धागा. तिथल्या नर्तकी, अभिनेत्री आणि नृत्यदिग्दर्शक अ‍ॅन राइनकिंग (१९४९–२०२०) यांच्यावर वर्गात वीस मिनिटांचं सादरीकरण आहे. त्याला जोडून आठ जणांचा तीन मिनिटांचा नाच बसवायचा आहे, अमेरिकन नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसीच्या धाटणीचा. तीन ठिकाणी अडलंय.

'शिकागो' या संगीतिकेच्या १९९६ च्या पुनरुज्जीवनात श्रेय असं दिलं आहे: नृत्यदिग्दर्शन अ‍ॅन राइनकिंग, बॉब फॉसी यांच्या शैलीत. मग नाच नक्की कुणाचा धरायचा?

दुसरं, कोरसमध्ये (नाच-गाण्याच्या समूहात) नाचणारी व्यक्ती नृत्यदिग्दर्शक होईपर्यंत मधे काय काय करते? 'स्विंग' आणि 'डान्स कॅप्टन' ही पदं वाचली, पण रोजचं काम काय ते कुठे नीट सापडत नाही.

तिसरं रोकडं. रंगमंच ३० फूट रुंद, १८ फूट खोल. मागचे सहा फूट वादक अडवणार. आठ जण मावतील का?

तिसरी_घंटा:

तिच्या कामांची यादी मांडताना एक गोष्ट नजरेआड करू नका: बाई बदली कलाकार म्हणून वाढली. १९६९ मध्ये 'कॅबरे' चालू असताना त्याच्या कोरसमध्ये शिरली. मग 'कोको', नृत्यं मायकेल बेनेटची. १९७२ मध्ये 'पिपिन', फॉसीचं, तिथेही समूहात. १९७५ ला 'गुडटाइम चार्ली'त जोन ऑफ आर्क केली आणि टोनीचं, म्हणजे ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं. इथवर नेहमीचा चढता आलेख.

पुढचं बघा. १९७६ ला 'अ कोरस लाइन'मध्ये डॉना मॅकेक्नीची कॅसी हिच्याकडे आली. १९७७ ला 'शिकागो'त ग्वेन व्हर्डनची रॉक्सी. १९८६ ला 'स्वीट चॅरिटी'च्या पुनरुज्जीवनात डेबी अ‍ॅलनची चॅरिटी. तिन्ही भूमिका दुसरीच्या अंगावर बेतलेल्या. अशा भूमिकेत शिरायचं तर प्रत्येक हालचालीला दोन प्रश्न विचारावे लागतात: ही रचनेची गरज आहे, की आधीच्या नटीच्या शरीराची सोय? पहिलं असेल तर हात लावायचा नाही, दुसरं असेल तर बदलायला मुभा. नृत्यदिग्दर्शकाचं निम्मं काम याच निवडीत असतं. मधल्या काळातल्या 'डान्सिन' (१९७८) मध्ये ती बदली नव्हती, पहिल्या संचातली होती. त्यामुळे फॉसी कोऱ्या जागेतून कसा बांधत जातो हेही तिने आतून पाहिलं.

आता तुमचा पहिला प्रश्न. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला 'शिकागो' झालं, त्याची नृत्यं तिची. मग मे १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरच्या 'एन्कोर्स' मालिकेत वॉल्टर बॉबीच्या दिग्दर्शनाखाली. त्या मालिकेचा साचाच मैफलीसारखा: वाद्यवृंद रंगमंचावर, नेपथ्य नावापुरतं, तालमीचे दिवस मोजके. तोच प्रयोग १४ नोव्हेंबर १९९६ ला ब्रॉडवेवर गेला तेव्हाही वाद्यवृंद मधोमध चौथऱ्यावर राहिला आणि नाचायला उरला पुढचा पट्टा. अशा जागेत फॉसीने १९७५ च्या मूळ प्रयोगात बसवलेला नाच उचलून ठेवणं शक्यच नव्हतं. शब्दसंपत्ती फॉसीची, वाक्यं राइनकिंगची, असं मी म्हणेन. म्हणून 'शैलीत' हा शब्द तिथे विनयाचा नाही, हिशेबाचा आहे. नृत्यदिग्दर्शनाची टोनी १९९७ ला तिलाच मिळाली. आणि रॉक्सीही तीच करत होती, पडदा उघडला तेव्हा ४७ पूर्ण होऊन चार दिवस झाले होते.

याउलट १९९९ चं 'फॉसी' बघा. तिथे मुळातले नाच जसेच्या तसे उभे करायचे होते, म्हणून चेट वॉकर यांना 'पुनर्निर्मिती'चं वेगळं श्रेय, व्हर्डन कला-सल्लागार, आणि सहदिग्दर्शन राइनकिंगचं. शैलीत रचणं आणि जुनं पुन्हा उभं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. सादरीकरणात हे दोन प्रयोग शेजारी ठेवलेत तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप निघेल.

वही_आणि_पेन्सिल:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. राइनकिंगची वाट तारकेची होती. बाकीचे बहुतेक जण वहीच्या वाटेने जातात.

स्विंग म्हणजे रोज न नाचणारा, पण कोरसमधल्या अनेकांच्या जागा पाठ असणारा. एका माणसाच्या पूर्ण रात्रीला 'ट्रॅक' म्हणतात. त्यात नाच आला, पण तेवढंच नाही. कुठल्या विंगेतून एंट्री, कोणती खुर्ची कुणी आणायची, सुरावटीतला कोणता आवाज धरायचा, कपडे बदलायला किती सेकंद, हे सगळं ट्रॅकमध्ये येतं. स्विंगकडे असे पाच-सात ट्रॅक सहज असतात.

हे ट्रॅक तो वहीत लिहितो. पान असं आखतात: डावीकडे आठचा (आठ मात्रांच्या तुकड्याचा) क्रमांक आणि गाण्याचा शब्द, मग जागा (मंचाच्या मध्यापासून किती फूट, कितवी विंग), मग कुणाच्या पुढून आणि कुणाच्या मागून जायचं, मग हातातली वस्तू, शेवटी एक्झिट. 'पुढून की मागून' हा रकाना नवशिके गाळतात, आणि टक्कर नेमकी तिथेच होते. दोन रांगा एकमेकींतून आरपार जाताना पावलं सगळ्यांना येत असतात, वाट कुणी द्यायची हे ठरलेलं नसतं.

व्हिडिओ आहे की, मग वही कशाला, असं विचारलं जातं. व्हिडिओत त्या रात्री जे घडलं ते असतं, चुकांसकट. मागच्या रांगेतला पुढच्याच्या आड असतो. शिवाय समोरून बघून शिकणारा डावं-उजवं उलटं उचलतो.

एकाच रात्री तिघे आजारी आणि स्विंग दोनच, असं झालं की ट्रॅक चिरून जोडतात. आधी एकाने दुसऱ्याला उचलण्याच्या जागा भरायच्या, कारण तिथे माणूस नसला तर दुसऱ्याला इजा होते. मग वस्तूंची देवाणघेवाण, मग गाण्यातला एकटा पडणारा आवाज, आणि रांगेतला साधा नाच सर्वांत शेवटी. रांगेत एक कमी असला तर अंतर वाढवून भागतं.

डान्स कॅप्टन हा या वहीचा मालक. शुभारंभ झाला की नृत्यदिग्दर्शक पुढच्या कामाला लागतो. आठवड्याला आठ प्रयोग, आणि नाच झिजू लागतो. झिज ठरावीक दिशेनेच होते: संथ जागा घाईने उरकल्या जातात, बारीक हालचाल मोठी होते, आणि टाळ्या मिळालेल्या ठिकाणी जो तो थोडी भर घालतो. कॅप्टनने हे पुसून मूळ रेष परत काढायची. स्वतःची रेष काढायची नाही, हे अवघड. कोऱ्या जागेवर रचण्याचं काम त्यापुढच्या पायरीवर, सहनृत्यदिग्दर्शक म्हणून, येतं. तालमी सुरू होण्याआधी काही आठवडे एका खोलीत नृत्यदिग्दर्शक, हा सहायक आणि नाचाचं संगीत बांधणारा पियानोवाला बसतात. गाण्याच्या ३२ बारांच्या (एका बारात साधारण चार मात्रा) आवर्तनातून चार मिनिटांचा नाच तिथे ओढून काढला जातो.

आपल्याकडे ही पदं वेगळी नसतात, पण गरज तीच. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची रांग पडदा होते. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. तिथे रांगेतला एक गडी बदलला आणि अंतर चुकलं तर नाच बिघडण्याआधी पडद्याला भोक पडतं.

आठ_मोजा:

जागेचं गणित. १८ मधून ६ गेले, १२ उरले. पुढची दोन फूट मोकळी ठेवा, राहिले १०. एकाच रांगेत आठ जण उभे केले तर मधे सात फटी. हात अंगाशी असतील तर तीन फूट पुरतात, म्हणजे २१ फूट. टोपी धरून हात बाजूला गेला की चार फूट लागतात, म्हणजे २८. तीसच्या मंचावर दोन्ही बाजूंना एकेक फूट उरेल आणि विंग बंद होईल. तेव्हा ती एकेरी रांग शेवटच्या चित्रापुरती राखा.

एरवी दोन रांगा. मंचाच्या पुढच्या कडेवर मध्याला शून्य लिहा, दोन्हीकडे दर दोन फुटांवर २, ४, ६, ८… आकडे इंचभर उंचीचे, नाचणाऱ्यांकडे तोंड करून. पुढचे चौघे दोन्ही बाजूंच्या २ आणि ६ वर, मागचे चौघे दोन्ही बाजूंच्या ४ आणि ८ वर. मागचा प्रत्येक जण फटीत किंवा मोकळ्यावर येतो, कुणी झाकलं जात नाही, आणि मध्यावर आरपार वाट राहते. रांगांमधलं अंतर चार फूट. खुर्च्या घेणार असाल तर पाच, कारण पाय लांबवून बसलं की एक माणूस साडेतीन-चार फूट खातो.

आकडे लिहिले की सगळे खाली बघायला लागतात, हा ठरलेला रोग. तिसऱ्या तालमीपासून प्रेक्षागृहातल्या खुणा द्या: मधली पायवाट, खांब, दिवा. शिवाय गट नकळत पुढे सरकत येतो. त्यावर विंगेच्या कडेला जमिनीवर रंगीत पट्टी लावा आणि दर आठ आठांनी तिच्याकडे परत यायचं ठरवा.

लय मिनिटाला ९६ मात्रांची ठेवलीत तर तीन मिनिटांत २८८ मात्रा, म्हणजे ३६ आठ. दोन तासांच्या तालमीत सहा आठ शिकवून होतात, त्याहून जास्त रेटू नका. सहा तालमी शिकवायला, आणि किमान तेवढ्याच घासायला. फॉसीत घासणंच जास्त.

शैलीबद्दल थोडक्यात. त्याचे स्वतःचे पाय बॅलेसारखे बाहेर वळत नसत, खांदे पुढे झुकलेले, केस विरळ. त्यातूनच आत वळलेले गुडघे, गोल खांदे आणि टोपी आली असं सांगतात. हाताचा पंजा अर्धवट उकडलेलं अंडं धरल्यासारखा: दाबलं तर फुटेल, सैल सोडलं तर पडेल. मुलं एकतर मूठ करतात किंवा बोटं फाकवतात. दोन्ही चूक. खरी परीक्षा मात्र थांबण्याची. फक्त मनगट हलतंय आणि बाकी आठही शरीरं गप्प, हे चार मात्रा टिकवून बघा. कुणाची तरी हनुवटी हलतेच.

दुसरी_विंग:

मनापासून आभार, एवढं अपेक्षित नव्हतं! तीन शंका उरल्या. गुडघे आत वळवल्यावर दोघींचे दुखायला लागले, ते का? आणि टोप्यांखाली चेहरे काळे दिसतायत. शिवाय 'शैलीत' केलेला नाच कायद्याने चालतो ना?

तिसरी_घंटा:

कायद्याचं मी घेतो. शैलीवर कुणाचा हक्क नसतो, सुट्या पावलावरही नसतो. हक्क असतो तो पावलांच्या ठरावीक रचनेवर, तीही कुठेतरी नोंदलेली हवी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम २(एच) खाली नृत्यरचना 'नाट्यकृती'त मोडते, अट अशी की तिचं रूप लिहून किंवा अन्य रीतीने पक्कं केलेलं असावं. अमेरिकेत हान्या होल्म यांची 'किस मी, केट'ची नृत्यं १९५२ मध्ये हालचाली टिपण्याच्या लाबान पद्धतीच्या लिपीत लिहून नोंदवली गेली, तेव्हा वाट उघडली. नृत्यरचनेला स्वतंत्र जागा तिथे १ जानेवारी १९७८ पासून लागू झालेल्या कायद्याने मिळाली. तुम्ही स्वतः रचताय तोवर ठीक. व्हिडिओवरून ३६ आठ उचलू नका. गाण्याचे हक्क वेगळे, ते विसरू नका.

आठ_मोजा:

गुडघा: वळण नितंबाच्या सांध्यातून यायला हवं. त्या दोघी बहुतेक पाऊल आत फिरवतायत आणि गुडघा मागे राहतोय, म्हणजे पिळा गुडघ्यावर. आरशासमोर उभं करून बघा, गुडघ्याची वाटी आणि पायाचं दुसरं बोट एकाच दिशेला हवं. जेवढं मांडीतून वळतं तेवढंच वळवा. कमी दिसलं तरी चालेल, टाच किंचित उचलली की प्रेक्षकाला जास्त वाटतं. रबरी तळ जमिनीला चिकटून पिळा वाढवतो, म्हणून गुळगुळीत तळाचे बूट. दुखतंय तोवर त्या दोघींना खुर्चीवरच्या जागा द्या.

टोपी: दिवे डोक्यावरून येतायत. प्रेक्षागृहाच्या बाजूने, शक्य तितक्या खालच्या कोनातून दोन दिवे मिळवा. नाही मिळाले तर टोपी कपाळावरून दोन बोटं मागे. आत घामपट्टीला फोमची पातळ पट्टी चिकटवा, इलॅस्टिक लावू नका, टोपी काढायच्या जागी अडकतं. धरताना अंगठा काठाच्या खाली, दोन बोटं वर. आणि तालीम पहिल्या दिवसापासून टोपीनिशीच, नाहीतर रंगीत तालमीला आठांपैकी तीन टोप्या वादकांत सापडतील.