घडवायला टाकणे आणि घडवायला घेणे

दर रविवारी आमच्याकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतात, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलत आणि फासे टाकत खेळायचा साहसकथांचा खेळ. बोलणं मराठीत, नियमपुस्तक इंग्रजीत. खेळ मी चालवते, म्हणून रोज लागणाऱ्या नियमांचा एक मराठी तक्ता करून ठेवला आहे. त्यात प्लेट चिलखतापुढे (धातूच्या पत्र्यांचं, अंगभर) लिहिलं होतं : 'किंमत १५०० सोन्याची नाणी. निम्मे पैसे आधी. ३०० दिवस.' हिशेब २०१४ च्या नियमांचा आहे. बाजारभावाच्या निम्म्या किमतीचा कच्चा माल घ्यायचा आणि एका माणसाच्या हातून दिवसाला ५ नाण्यांच्या किमतीचं काम होतं असं धरायचं.

आमच्यातल्या एका मुलीचं पात्र लोहारकाम येणारा ड्वार्फ, म्हणजे गोष्टींतला बुटका, आहे. तिने ७५० नाणी वजा केली आणि बाकीच्यांबरोबर मोहिमेवर निघून गेली. खेळातले दहा महिने उलटल्यावर उरलेली ७५० मोजून म्हणाली, "चला, चिलखत घेऊन येते." तिच्या मते ते गावातल्या लोहाराकडे तयार होऊन पडलं होतं. 'निम्मे पैसे आधी' म्हणजे विसार, असंच तिने वाचलं, आणि मराठीत त्याचा तोच अर्थ होतो. मला म्हणायचं होतं की ड्वार्फ स्वतः भट्टीपाशी ३०० दिवस बसणार. तिचा वाचण्यात दोष नाही, माझं वाक्यच चुकलं.

तर मला नेमके शब्द हवे आहेत. वस्तू स्वतः करणं, मालाचा खर्च, कामाचं मोल, आणि दोन मोहिमांमधला मोकळा काळ, एवढ्या चार गोष्टींसाठी.

प्रतिसाद

ताई, पहिल्या गोष्टीसाठी नवा शब्द नकोच. आपण ब्लाउज शिवायला टाकतो आणि स्वेटर विणायला घेतो. 'टाकला' म्हटलं की काम दुसऱ्याच्या हातात गेलं, आपण फक्त तारखेला जाऊन आणायचं. 'घेतला' म्हटलं की सुया आपल्या हातात. तक्त्यात 'घडवायला घेतल्यास' असं लिहिलं असतंत तर ती मोहिमेवर गेलीच नसती.

प्रतिसाद

कामाच्या मोलाला 'घडणावळ' म्हणा. सराफाच्या पावतीवर सोन्याचं वजन आणि भाव वेगळा, घडणावळ वेगळी. शिवणावळ, दळणावळ, विणणावळ ही सगळी त्याच घरातली. हा प्रत्यय मला फार प्रिय आहे, कारण क्रियापद कुठलंही असो, त्याच्या मजुरीचं नाव लगेच तयार होतं. 'मजुरी'त अंगमेहनत ऐकू येते, 'घडणावळी'त हातातली कला येते. लोहार, सोनार, चिलखतवाला, तिघांनाही चालेल.

आणि जुना दागिना वितळवायला देतो त्याला 'मोड' म्हणतात. खेळात लुटीतल्या मोडक्या तलवारी पडून असतात. त्या मोड म्हणून कच्च्या मालात धरू दिल्यात तर? नियमात नाही, पण चालवणारीने ठरवलं तर का नाही?

धागाकर्ती

घडणावळ हा शब्द मिळाल्याबरोबर हिशेब करून पाहिला. १५०० पैकी ७५० माल, म्हणजे उरलेले ७५० घडणावळीचे. ३०० दिवसांना रोज अडीच नाणी पडली. त्याच पुस्तकात कुशल कारागिराचा रोज २ नाणी दिला आहे. म्हणजे आकडा हवेतला नाही! इतकी वर्षं मी 'निम्मे' एवढंच सांगत आले, दुसरं निम्मं कशाचं हे कधी बोललेच नव्हते. शिवाय त्या दिवसांत करणाऱ्याचा साधा राहण्या-जेवण्याचा खर्च, रोज १ नाणं, सुटतो. यालाही आपल्याकडे शब्द आहे : पोटावारी. तिघे मिळून बसले तर तेच काम १०० दिवसांत उरकतं.

२०२४ च्या नियमांत किमतीला १० ने भागून दिवस काढतात. म्हणजे प्लेटला १५०. माल निम्म्याचाच. पण घडणावळ तीच राहून दिवस अर्धे झाले, म्हणजे रोज ५ नाणी पडली. मला हे आवडलेलं नाही. चिलखताला वर्ष लागावं, त्याची वाट पाहावी लागावी, असं मला मनापासून वाटतं.

मोडीची कल्पना घेतली. पुढच्या रविवारपासून लागू.

प्रतिसाद

आम्ही पाथफाइंडर हा याच जातीचा दुसरा खेळ खेळतो, दुसरी आवृत्ती, २०१९ ची. तिथे घडणावळ बसत नाही, सांभाळा. निम्म्या किमतीचा माल घेऊन सुरुवात करायची, ४ दिवस काम करायचं, फासे साथ देतील तर उरलेल्या निम्म्याचा माल घालून वस्तू लगेच पुरी करायची. नाहीतर आणखी दिवस काम करत राहायचं, तेवढा माल कमी लागतो. दुसरं निम्मंही मालाचंच आहे, मजुरीचं नाही. त्याला 'बाकी' म्हणावं. बाकी मालाने भरा किंवा दिवसांनी फेडा, एवढं सांगितलं की आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद

सगळ्याच वस्तूंना 'घडवणे' लावू नका. धातू घडवतात. कड्यांचं चिलखत गुंफतात, चामड्याचं शिवतात, धनुष्य तासतात. औषधाला वैद्यांचं 'सिद्ध करणे' घ्या. तेल सिद्ध करतात, तूप सिद्ध करतात, तसं जखमा भरणारं औषधही सिद्ध होईल. क्रियापद बरोबर असलं की कोणती हत्यारं लागणार हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रतिसाद

मोकळ्या काळाचं कुणीच बोललं नाही. 'फुरसत', 'सवड' यांत माणूस रिकामा बसलेला दिसतो, आणि खेळात तर त्याच दिवसांत कामं होतात. माझं मत 'छावणी'ला. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणी करत आणि दसऱ्याला पुन्हा मोहिमेवर निघत. शब्दाच्या मुळाशी 'छावणे' आहे, छप्पर घालणे. डोक्यावर छप्पर, बाहेर पाऊस, आणि ऐरणीवर काम चालू. खेळातला तो काळ नेमका असाच असतो ना?

धागाकर्ती

असाच! छावणी पक्की. तक्त्यातली ओळ आता अशी आहे :

'प्लेट चिलखत. किंमत १५००. घडवायला घेतल्यास माल ७५० चा (मोड धरून), छावणीचे ३०० दिवस, पोटावारी. घडवायला टाकल्यास माल अधिक घडणावळ मिळून १५००, पैकी विसार ७५०.'

त्या मुलीला ओळ पाठवली. ड्वार्फ पुढच्या छावणीत चिलखत घडवायला घेणार आहे. दोघांना भाता ओढायला सोबत घेते म्हणाली.